एका चिन्हाचे दोन धनी

मुद्रणाचा इतिहास लिहिणारे बहुधा यंत्रांचा, छापखान्यांचा आणि आद्य ग्रंथांचा इतिहास लिहितात. लेखकाच्या कागदावरचा मजकूर छापील पानावर जाताना वाटेत त्यातील एखाद्या चिन्हाचे काय होते, हा प्रश्न त्यांना क्षुल्लक वाटतो. आणि वाङ्मयाच्या अभ्यासकाला तो आपल्या कक्षेबाहेरचा वाटतो. मलाही तो तसाच वाटत असे. काही वर्षांपूर्वी निसर्गकवितेवरील माझ्या एका लेखात ‘सह्याद्रीच्या दऱ्या’ असे शब्द होते. ते ‘सह्याद्रीच्या दर्या’ असे छापून आले आणि सह्याद्रीला समुद्र कोठून लाभला, अशी पृच्छा करणारे एका चोखंदळ वाचकाचे पत्र मला आले. मी छापखान्याकडे चौकशी केली. तेथील गृहस्थांनी अत्यंत सौजन्याने सांगितले की, माझा मजकूर कोणी जुळवलेलाच नव्हता. मी पाठविलेली संगणकातील प्रत तशीच दुसऱ्या यंत्रणेत घालण्यात आली होती व पाने आपोआप तयार झाली होती. त्या अक्षराला माणसाचा हात लागलेलाच नव्हता, मग चूक कोणाची म्हणावी?

मराठी न जाणणाऱ्या वाचकांसाठी एवढे सांगितले पाहिजे की, मराठीत ‘र्य’ आणि ‘ऱ्य’ ही दोन भिन्न जोडाक्षरे आहेत. पहिल्यात रेफ डोक्यावर जातो. दुसऱ्यात पापणीच्या केसासारखी एक लहानशी रेघ अक्षराच्या डाव्या अंगाला लागते. ‘आचार्यांना’ म्हणजे गुरुजनांना आणि ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक्यांना. हा भेद अर्थापुरता नाही, तो छंदाचाही आहे. ‘दर्या’ या शब्दात जोडाक्षराच्या आघाताने ‘द’ गुरू होतो. ‘दऱ्या’ मध्ये तो लघूच राहतो. म्हणजे ही रेघ हरवली की शब्द बदलतो, आणि वृत्तबद्ध ओळीत असेल तर एक मात्राही वाढते. उद्या एखाद्या टीकाकाराने अशी छापील ओळ घेऊन कवीला वृत्तदोष लावला, तर त्याचा प्रतिवाद हस्तलिखितावाचून करता येणार नाही. हस्तलिखित आता बहुधा नसतेच.

लिहिलेला साधा मजकूर जुळवलेल्या पानात नेताना काही चिन्हे अडतात, हा अनुभव संगणकाहून पुष्कळ जुना आहे. तो नीट पाहावयाचा असेल तर मोडी कागदांकडे वळावे. मोडीत, आणि जुन्या बाळबोध लेखनातही, उभी रेघ एकाच वेळी अनेक कामे करीत असे. वाक्य वा चरण संपला की दंड येई. श्लोकाचा किंवा ओवीचा अंक दोन्ही बाजूंनी दुहेरी दंडांत बसवला जाई. शब्दाचे पहिले अक्षर लिहून पुढे दंड ओढला की तो संक्षेप होई. ‘मुक्काम’ लिहिण्याऐवजी ‘मु॥’ लिहिले की भागत असे. आणि हिशेबात हीच रेघ अपूर्णांक होती. एक दंड म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. म्हणून १। म्हणजे सव्वा, १॥ म्हणजे दीड आणि १॥। म्हणजे पावणेदोन. आता ॥४॥ ही ओवीची चौथी संख्या, पण डावीकडचे दोन दंड कागदाच्या फाटक्या कडेत गेले की उरते ४॥, म्हणजे साडेचार. कारकुनाला याची अडचण वाटत नसे. चिन्ह एक असले तरी ते जमाखर्चात आले आहे की अभंगात, हे तो जाणत होता. अर्थ चिन्हात साठवलेला नव्हता, वाचणाराच्या सरावात होता.

अडचण सुरू झाली ती हे कागद छापण्याची वेळ आली तेव्हा. विल्यम कॅरीने श्रीरामपूरहून १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण देवनागरी खिळ्यांत छापले आणि १८१० च्या आपल्या कोशासाठी मोडीचे खिळे वापरले. परंतु पुढे ग्रंथांच्या मुद्रणात बाळबोध लिपीच स्थिरावली. त्यामुळे विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करण्यास आरंभ केला तेव्हा, किंवा गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० नंतर पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड संपादिले तेव्हा, मोडी मजकूर बाळबोधीत उतरविणे हा कामाचा पाया होता. मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद सहसा पाळला जात नाही. आधी ओळभर आडवी रेघ ओढून तिला अक्षरे लटकवण्याच्या पद्धतीमुळे शब्द कोठे तुटतो तेही दिसत नाही. या दोन्ही गोष्टी बाळबोधीत सांगाव्याच लागतात, गुळमुळीत ठेवता येत नाहीत. म्हणजे मोडीतील एका खुणेसमोर बाळबोधीतील दोन खुणा उभ्या राहतात आणि कोणती निवडायची हे संपादकाने ठरवायचे असते. ती निवड तो आपल्या ज्ञानाच्या बळावर करतो व छापील पानात ती निवड म्हणून दिसत नाही. आपण त्या खंडांतील इकार-उकार वाचतो ते अठराव्या शतकातील कारकुनाचे नव्हेत, हे कितीजणांच्या ध्यानात असते?

तथापि त्या व्यवस्थेत एक मोठी सोय होती. मुद्रणप्रतीवरच्या सूचना आणि मुद्रणप्रतीचा मजकूर यांच्या जागा वेगळ्या होत्या. ‘हे जाड ठशात घ्यावे’, ‘येथे नवा परिच्छेद’ अशा सूचना संपादक समासात लिही, तेही बहुधा वेगळ्या रंगाच्या पेन्सिलीने. मजकुराखाली एक रेघ ओढली म्हणून जुळारी ती रेघ छापत नसे. ती आज्ञा आहे हे त्याला कळत असे. आणि समजा शंका आलीच, तर तो उठून विचारीत असे. जुन्या मुद्रितांच्या कडेला जुळाऱ्याने काढलेली प्रश्नचिन्हे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना या विचारण्याचे मोल सांगावयास नको.

संगणकाने समास नाहीसा केला. माझ्या मते या इतिहासातील खरे वळण हेच आहे. १९६३ मध्ये अमेरिकेत ‘आस्की’ ही संकेतावली प्रमाण म्हणून ठरली. तिच्यात एकंदर १२८ जागा होत्या व त्यांतील ९५ अखेरीस दृश्य चिन्हांच्या वाट्याला आल्या. लिहावयाचे ते सारे या मूठभर चिन्हांत, एकामागून एक, एकाच ओळीत. मजकूरही त्यांतूनच आणि आज्ञाही त्यांतूनच. १९६४ च्या सुमारास मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रसंस्थेत जेरोम साल्ट्झर यांनी ‘रनऑफ’ नावाचा पाने जुळविणारा कार्यक्रम लिहिला. त्यात आज्ञेची खूण म्हणून त्यांनी साधा ठिपका निवडला. ओळ ठिपक्याने सुरू झाली की ती मजकूर नव्हे, सूचना. युक्ती सुटसुटीत होती, कारण ओळीच्या आरंभी ठिपका सहसा येत नाही. ‘सहसा’ या शब्दातच पुढचे सारे दुःख साठलेले आहे. ज्या लेखकाला खरोखरच ओळीच्या आरंभी ठिपका हवा असेल त्याने काय करावे? याच परंपरेतील ‘ट्रॉफ’ या १९७० च्या दशकातील बेल प्रयोगशाळांच्या कार्यक्रमात यावर असा तोडगा होता की, ठिपक्याआधी एक शून्य रुंदीचे, कागदावर न उमटणारे चिन्ह लिहावे. त्यामुळे ठिपका ओळीचे पहिले चिन्ह उरत नाही आणि यंत्र फसते. या न दिसणाऱ्या चिन्हाशी आपली पुढे पुन्हा गाठ पडणार आहे.

डोनल्ड कनूथ यांची कथा पुष्कळांना माहीत आहे. ‘दि आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’ या त्यांच्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाची नवी आवृत्ती निघत होती. १९७७ मध्ये तिची मुद्रिते त्यांच्या हाती आली, आणि पूर्वीच्या शिशाच्या खिळ्यांच्या तुलनेत छायाजुळणीची ती पाने त्यांना इतकी ओंगळ वाटली की त्यांनी स्वतःच जुळणीची यंत्रणा रचावयास घेतली. ‘टेक’ या नावाने ती १९७८ मध्ये प्रथम चालू झाली. पुढे लेस्ली लॅम्पोर्ट यांनी तिच्यावर ‘लाटेक’ उभारले आणि शास्त्रीय लेखन करणाऱ्यांची ती नित्याची भाषा झाली. टेकमध्ये दहा चिन्हे राखीव आहेत: उलटी तिरपी रेघ, महिरपी कंसांची जोडी, डॉलर, ‘आणि’चे चिन्ह, हॅश, वर टेकवलेला कोन, अधोरेषा, लाटेसारखी रेघ आणि शेकड्याचे चिन्ह. कनूथ यांनी प्रत्येक चिन्हाला सोळा प्रकारांपैकी एका प्रकारात टाकले व तो प्रकार बदलण्याची मुभाही दिली. म्हणजे चिन्हाचा धर्म जन्मसिद्ध नाही, नेमून दिलेला आहे, हे त्यांनी उघड मान्य केले. मोडीच्या कारकुनाने जे सरावाने केले ते येथे तक्त्यात लिहिले गेले. मला हे या यंत्रणेतील सर्वांत प्रामाणिक अंग वाटते.

पण त्या दहांतील शेकड्याचे चिन्ह विशेष घातक आहे. इतर चिन्हे चुकीच्या जागी आली तर यंत्र बहुधा तक्रार करते, अथवा पानावर काही विद्रूप तरी उमटते. शेकड्याचे चिन्ह आले की टेक त्या ओळीचा उरलेला भाग लेखकाचे स्वतःपुरते टिपण समजून गाळते. एवढेच नव्हे, तर ओळ संपल्याची खूणही गिळून पुढची ओळ मागच्या शब्दांना आणून जोडते. आवाज मात्र करीत नाही. एक कल्पित उदाहरण घेऊ. लेखकाने आपल्या टिपणात दोन ओळी लिहिल्या आहेत. पहिली: ‘हा संग्रह वाचणाऱ्यांपैकी ६० % लोकांनी नापसंती दर्शविली, परंतु’. दुसरी: ‘समीक्षकांनी त्याचे मनापासून स्वागत केले.’ हे टिपण जसेच्या तसे टेकच्या स्वाधीन केले तर छापील वाक्य असे होईल: ‘हा संग्रह वाचणाऱ्यांपैकी ६० समीक्षकांनी त्याचे मनापासून स्वागत केले.’ व्याकरण निर्दोष, वाक्य सुबोध, आणि अर्थ नेमका उलटा. हे वाक्य कोणत्या मुद्रितशोधकाला खटकेल? त्याच्यासमोर मूळ टिपण नसेल तर ब्रह्मदेवालाही खटकणार नाही.

उपाय ठाऊक आहे: राखीव चिन्हाआधी उलटी तिरपी रेघ लिहावी, म्हणजे ते चिन्ह आज्ञा न राहता साधे अक्षर होते. परंतु हा उपाय करणारे हातही आता यंत्राचेच असतात. कार्स्टन डोमिनिक या खगोलशास्त्रज्ञाने २००३ मध्ये सुरू केलेले ‘ऑर्ग’, २००४ चे जॉन ग्रूबर यांचे ‘मार्कडाउन’, बर्कली येथील तत्त्वज्ञानाचे अध्यापक जॉन मॅकफार्लेन यांचे २००६ मधील ‘पॅनडॉक’ या साधनांमुळे लेखकाने साध्या अक्षरांत टिपण लिहावे आणि ते एका आज्ञेसरशी जुळवलेल्या पानात रूपांतरित व्हावे, अशी सोय झाली. (खगोलशास्त्रज्ञ आणि तत्त्वज्ञ यांनी जुळाऱ्याचे काम हाती घ्यावे, यावरून जुळारी गेल्याने विद्वानांचे किती अडले असावे याची कल्पना येते.) या साधनांना राखीव चिन्हांपुढे तिरपी रेघ घालण्याचे काम करावे लागते, आणि ते दिसते तितके सोपे नाही. समजा, प्रथम शेकड्याच्या चिन्हाआधी तिरपी रेघ घातली आणि मग तिरप्या रेघांचाच समाचार घेण्यास आरंभ केला, तर आपणच नुकत्या घातलेल्या रेघाही लेखकाच्या समजून बदलल्या जातात. उलट क्रम धरावा, तर तिरप्या रेघेसाठी जे लांबलचक नाव लिहावे लागते त्यातच महिरपी कंस येतात आणि कंसांची पाळी आली की तेही बदलले जातात. म्हणून मजकूर एकदाच, एकेक चिन्ह घेऊन वाचला पाहिजे व ज्याला एकदा हात लावला त्याला पुन्हा लावता कामा नये. नकलाकाराला ही शिस्त कोणी शिकवावी लागत नसे, कारण तो ओळ एकदाच लिहीत असे.

शिवाय या साधनांची स्वतःची राखीव चिन्हे आहेतच. ऑर्गमध्ये ओळीच्या आरंभीची तारका म्हणजे शीर्षक. दोन शब्दांमधील अधोरेषा म्हणजे पुढचे अक्षर खाली उतरवण्याची सूचना. ते नको असेल तेथे ऑर्गच्या मार्गदर्शिकेने सुचविलेला एक उपाय म्हणजे चिन्हालगत शून्य रुंदीची, न दिसणारी जागा घालणे. ट्रॉफमधील युक्तीच येथे चार दशकांनी परत आली आहे. इंग्रजी मजकुरात ती निरुपद्रवी आहे. अशा अदृश्य जागा साचल्या आणि त्रास देऊ लागल्या की माणसे शून्य रुंदीची सारी चिन्हे एका झटक्यात पुसून टाकतात, आणि इंग्रजीचे काही बिघडत नाही. मराठीचे बिघडते.

देवनागरीचा या यंत्रणेतील प्रवेशच मुळी आडवळणाने झाला. १९९१ मध्ये नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन विद्यापीठाच्या फ्रान्स फेल्टहाउस यांनी टेकसाठी देवनागरीची योजना सिद्ध केली. तीत मजकूर रोमन अक्षरांत लिहावयाचा व टेककडे देण्यापूर्वी दुसऱ्या कार्यक्रमाने तो वाचून खिळ्यांच्या आज्ञांत उतरवावयाचा. ‘ञ’ साठी तीत लाटेची रेघ आणि रोमन ‘न’; पण टेकच्या दृष्टीने लाटेची रेघ म्हणजे न तुटणारी मोकळी जागा. त्याच सुमाराच्या अविनाश चोपडे यांच्या ‘आयट्रान्स’ पद्धतीत ‘ऋ’ लिहिताना वरचा कोन येई. टेकला तो घातांकाची सूचना वाटे. म्हणजे ज्या खुणांनी आमची अक्षरे लिहावयाची त्याच खुणा यंत्राच्या आज्ञा होत्या, आणि मधला कार्यक्रम हा दोघांमधला दुभाषा होता. २००४ मध्ये जोनाथन क्यू यांचे ‘झीटेक’ आले व युनिकोडमधील देवनागरी सरळ वाचू लागले. दुभाषाची गरज संपली. तोपर्यंत अनेकांच्या टिपणांच्या राशी त्या रोमन लेखनात साठल्या होत्या, त्या उलगडण्याचे काम मागे उरले.

युनिकोडमध्ये तरी आमची ती पापणी सुखरूप असावी, अशी अपेक्षा होती. झाले असे की तिला स्वतंत्र जागा मिळाली नाही. तिच्यासाठी दोन वाटा ठरल्या. एक वाट भारतीय प्रमाणसंकेत ‘इस्की’ याला अनुसरून. द्राविडी भाषांतील कठोर रकारासाठी असलेले ‘ऱ’ हे अक्षर घ्यावे, त्याला हलन्त जोडावा, की पापणी उमटते. दुसरी वाट जुन्या युनिकोडशी मेळ राखण्यासाठी ठेवलेली. साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे शून्य रुंदीचे एक अदृश्य जोडचिन्ह. पानावर दोन्हींची आकृती एकच. पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत, आणि युनिकोडच्या एकरूपीकरणाच्या नियमांनीही ते एक होत नाहीत. एखाद्या कवीच्या समग्र कवितांची शब्दसूची यंत्राने करावी तर ‘दऱ्या’ दोन ठिकाणी विभागून येते. शोधणाराला एक सापडते, दुसरी नाही, आणि कवीने हा शब्द फारसा वापरला नाही असा निष्कर्ष निघतो.

याहून कठीण गोष्ट पुढेच आहे. दुसऱ्या वाटेवरचे अदृश्य जोडचिन्ह वर सांगितलेल्या साफसफाईत पुसले जाते, आणि उरलेला ‘र’ रेफ होऊन डोक्यावर चढतो. माझ्या दऱ्यांचा दर्या झाला तो असा. पहिली वाटही निर्धोक नाही. युनिकोडच्या तक्त्यात ‘ऱ’ हे अक्षर ‘र’ आणि खालचा नुक्ता यांच्या जोडीशी समान मानलेले आहे. हिंदीत नुक्ता पुष्कळदा ऐच्छिक असतो. म्हणून हिंदी मजकुरात शोध घेण्यासाठी केलेल्या प्रक्रियांमध्ये नुक्ते आणि अदृश्य जोडचिन्हे दोन्ही गाळण्याची पद्धत आहे. हिंदीच्या दृष्टीने ती योग्यच आहे. तीच प्रक्रिया ‘देवनागरी’ या समान नावाखाली मराठी मजकुरावर चालवली की दोन्ही वाटांवरच्या पापण्या एकदमच गळून पडतात. एका लिपीत अनेक भाषा लिहिल्या जाणाऱ्या आपल्या देशात, एका भाषेचा अलंकार दुसऱ्या भाषेचा अवयव असू शकतो. हे लिपीचे तक्ते करणारांना सांगण्याचे काम त्या त्या भाषेच्या अभ्यासकांचे आहे आणि आम्ही ते वेळेवर केलेले नाही. ‘ॲ’ या अक्षराला तरी युनिकोडमध्ये स्वतःची जागा २००८ मध्ये मिळाली. महाराष्ट्र शासनाने प्रमाण वर्णमाला ठरवून दिली ती २००९ मध्ये. तोवर ‘अ’ वर सुटा चंद्र ठेवून लोकांनी दिवस काढले, आणि त्या काळची टिपणे आजही तशीच आहेत.

संपादकाने या बाबतीत काय करावे, याविषयी माझे मत साधे आहे. चिन्हाचा अर्थ लेखकाला ठाऊक असतो, रूपांतर करणाराला नसतो. म्हणून दुहेरी अर्थाची चिन्हे मजकुरात असतील तर त्यांची याद लेखकाने मूळ प्रतीसोबत दिली पाहिजे, आणि पापणीसाठी दोहोंपैकी पहिलीच वाट धरून ती साऱ्या प्रतीत एकसारखी पाळली पाहिजे. जुन्या कागदांच्या नव्या आवृत्तीत दंडांचे अपूर्णांक दंडांच्याच रूपात ठेवून तसे प्रस्तावनेत नमूद करावे. त्यांचे दशांश करू नयेत. हे काम कंटाळवाणे आहे, यात शंका नाही. राजवाड्यांनी त्याहून कंटाळवाणी कामे केली.

मी स्वतः एक लहानशी तजवीज करतो. छापखान्याकडे पाठवावयाच्या प्रत्येक टिपणाच्या शिरोभागी एक परीक्षेची ओळ लिहितो: ‘आचार्यांनी आचाऱ्यांना दिलेल्या ४॥ रुपयांपैकी ६०% दऱ्यांत की दर्यात?’ पहिले मुद्रित आले की आधी ती ओळ पाहतो. ती शाबूत असेल तर बाकीचे वाचावयास घेतो आणि ओळ काढून टाकतो. गेल्या वेळी ती काढावयाची राहून गेली. लेखाच्या डोक्यावर, तिरप्या ठशात, एखाद्या नवकवीचे अवतरण शोभावे अशी ती छापून आली. चिन्हे मात्र सर्व बरोबर होती.